ऐकण्याची जागा

१

लोकांचे कान तपासणं हे माझं काम. रुग्णालयाच्या तळमजल्यावर एक लहानशी ध्वनिबंद खोली आहे, तिला आम्ही बूथ म्हणतो. पेशंट आत बसतो, कानांवर हेडफोन, हातात बटण. मी काचेच्या अलीकडे बसून बारीक बारीक आवाज सोडतो. आवाज ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, की माझ्या टेबलावरचा दिवा लागतो. अठ्ठावीस वर्षं मी हेच करतोय. बायको म्हणायची, तुझं सगळं आयुष्य दिवा लागायची वाट बघण्यात चाललंय. आधी ती हे हसून म्हणायची. मग नुसतं म्हणायला लागली. सहा वर्षांपूर्वी आम्ही वेगळे झालो. भांडण असं काही नव्हतं. दोघांनाही एकमेकांशी बोलायची सवय राहिली नव्हती, इतकंच.

आमच्या मुलीला घरात सगळे टिंब म्हणतात. जन्मली तेव्हा इतकीशी होती की माझ्या बहिणीने तिला बघून ‘हे तर टिंब आहे’ म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. आता ती माझ्या खांद्याला लागते, पण टिंबच आहे. दोन वर्षांपूर्वी ती शिकायला दुसऱ्या शहरात गेली. बसने सात तास. जाताना तिचा जुना गेमिंग कन्सोल माझ्याकडे सोडून गेली. “हात चालू ठेव, बाबा,” म्हणाली. मग मी तिच्याकडे आहे तसा नवा कन्सोलही घेतला, म्हणजे दोघांना आपापल्या घरून एकत्र खेळता येईल. दर रविवारी सकाळी दहा ते बारा. आठवड्यातले तेवढे दोन तास माझ्या घरात कुणाचा तरी आवाज असायचा.

आमच्या गेममध्ये दोघांनी मिळून एका बंद पडलेल्या खाणीत उतरायचं असतं. दिसत जवळजवळ काही नाही. पाणी कुठे ठिबकतंय, वारा कुठून येतोय, दगड कुठे सरकला, यावरून वाट शोधायची. टिंबला वाट सापडायची. मी भिंतींवर आपटत राहायचो.

“बाबा, तू दिवसभर लोकांचे कान तपासतोस आणि तुला मागून आलेला आवाज कळत नाही?”

“अगं, टीव्हीत मागचा आवाजही पुढूनच येतो.”

“मग नीट स्पीकर घे. पुढे तीन, मागे दोन. नाहीतर एक दिवस मी तुला खाणीतच सोडून वर येईन.”

ती हसत होती. मी मात्र दुसऱ्याच दिवशी दुकानात गेलो.

२

दुकानातला विक्रेता साठीचा असावा. उंच, थोडा वाकलेला, कानामागे पेन्सिल. समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेऊन मगच तोंड उघडायचा. माझ्या धंद्यामुळे मला अशी माणसं लगेच आवडतात.

“कन्सोल किती?” त्याने विचारलं.

“दोन. एक जुना, एक नवा.”

“साऊंडबार चालेल? टीव्हीखाली एक लांब पट्टी ठेवली की काम झालं. पण मागचा आवाज ती भिंतीवर आपटून आणते. म्हणजे थोडी फसवाफसवीच.”

“मला मागचा आवाज मागूनच हवाय.”

“मग पाच स्पीकर, एक वूफर आणि हा रिसीव्हर.” त्याने कागदावर पेन्सिलीने चौकोन काढले, त्यांना रेघांनी जोडलं. “दोन्ही कन्सोल सरळ रिसीव्हरला लावा आणि रिसीव्हरमधून एकच वायर टीव्हीकडे न्या. आधी टीव्हीत नेऊन मग इकडे आवाज आणलात तर तो किंचित उशिरा पोचतो. गेममध्ये दार उघडलेलं दिसतं आणि करकर नंतर ऐकू येते. बरं, ऐकायला किती जण बसता?”

“मी एकटाच.”

“मग काहीच अडचण नाही. सोबत हा माईक आहे, तो तुमच्या डोक्याच्या जागी उभा करायचा आणि बटण दाबायचं. रिसीव्हर प्रत्येक स्पीकरमधून आवाज सोडतो, तो माईकपर्यंत यायला किती वेळ लागला ते बघतो आणि अंतर काढतो. मग सगळे आवाज तुमच्या कानाशी एकाच क्षणी आणून सोडतो. एका माणसासाठी जुळवणं सगळ्यात सोपं. दोघं बसले की तडजोड आली.”

तो स्पीकरबद्दल बोलत होता हे मला माहीत होतं. तरी परतीच्या बसमध्ये खोकं मांडीवर घेऊन बसलो असताना ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

३

शनिवारी सकाळपासून कामाला लागलो. माझा हॉल चार मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद. टीव्हीसमोर दोघांना पुरेल एवढा सोफा. मी त्याच्या उजव्या बाजूला बसतो, डाव्या बाजूला वर्तमानपत्रं बसतात. मागच्या स्पीकरांसाठी सोफा भिंतीपासून पुढे ओढला. लाल वायर लाल खुंटीला, काळी काळीला. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना चिठ्ठ्या चिकटवल्या: पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला, मागचा डावा, मागचा उजवा. अशा कामात मला बरं वाटतं. हात गुंतलेले असले की घर रिकामं आहे हे जाणवत नाही.

दुपारी माईक तिकाटण्यावर लावून सोफ्यावर माझ्या जागी, बरोबर माझ्या कानाच्या उंचीवर उभा केला. पंखा बंद केला, खिडकी लावली, बटण दाबलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. मोजणी चालू असताना खोलीत हालचाल नको, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. आतून एकेका कोपऱ्यातून शीळ घातल्यासारखा चढत जाणारा आवाज येत राहिला. मग शांत झालं.

टीव्हीवर पाच अंतरं आली होती. सवयीने मी ती वहीत उतरवली आणि सवयीनेच टेप घेऊन ताडून पाहिली. माझ्या जागेपासून मागचा डावा स्पीकर एक मीटर सत्त्याण्णव सेंटिमीटरवर होता. पडद्यावर लिहिलं होतं ब्याऐंशी सेंटिमीटर. पुढचा उजवा दोन मीटर चौतीसवर, आणि पडद्यावर तीन मीटर बत्तीस. पाचांतला एकही आकडा जुळत नव्हता.

माईक हलला असेल म्हणून पुन्हा मोजलं. तेच आकडे. रिसीव्हर बंद करून, प्लग काढून, दहा मिनिटांनी पुन्हा. तेच. चूक असती तर दर वेळी वेगळी आली असती. जी तीनदा सारखीच येते तिला माझ्या धंद्यात चूक म्हणत नाहीत, मोजमाप म्हणतात.

दुकानात फोन लावला. विक्रेत्याने सगळं ऐकून घेतलं. “वूफरचं अंतर कधी कधी जास्त दाखवतो,” तो म्हणाला, “पण बाकीच्यांचं नाही दाखवत. माईक जिथे आहे तिथूनच तो मोजतो. दुसरीकडून मोजणार कसा?”

४

दोन दिवस मी तसंच चालवून घेतलं. आवाज वाईट नव्हता. खरं तर फार सुंदर होता, फक्त माझ्यासाठी नव्हता. शेजारच्या टेबलावर कोणीतरी मन लावून बोलत असावं आणि आपल्या कानावर ते ओझरतं पडावं, तसं वाटायचं.

मंगळवारी कामावरून आलो आणि मला एक साधी गोष्ट सुचली. दोऱ्याचं रीळ काढलं. पडद्यावरच्या आकड्यांएवढे पाच दोरे कापले आणि एकेकाचं टोक एकेका स्पीकरला चिकटपट्टीने लावलं. मग मोकळी टोकं हातात घेऊन ती कुठे जुळतात ते शोधत खोलीभर फिरू लागलो. आकडे खोटे असते तर ती कुठेच जुळली नसती.

सोफ्याच्या डाव्या हातापासून दोन वितींवर, खिडकीच्या अलीकडे, पाचही टोकं एकत्र आली. दोन बोटांच्या चिमटीत मावली. मी ती गाठ मारून सोडून दिली. ती हवेत तशीच राहिली, पाची बाजूंनी ताणलेली. खाली काही नव्हतं. फरशी, आणि फरशीवर खिडकीतून आलेलं ऊन.

जमिनीपासून उंची मोजली. एकशे चार सेंटिमीटर.

स्वयंपाकघरातली खुर्ची आणून त्या गाठीखाली ठेवली आणि बसलो. गाठ माझ्या जबड्याशी आली. बसल्यावर माझा कान एकशे सोळावर येतो. म्हणजे माझ्याहून थोडं बुटकं कोणी तिथे बसलं, तर गाठ बरोबर त्याच्या कानाशी आली असती. मी खुर्चीत जरा घसरून कान तिथे नेला आणि रिमोटने गेम लावला.

खाण माझ्याभोवती उभी राहिली. पाणी कुठे ठिबकतंय ते मी बोट करून दाखवू शकलो असतो. वारा मानेवर येत होता. इतकं स्वच्छ मी बूथमध्येही कधी ऐकलं नाही. पाच-सहा मिनिटांनी मी उठलो. कारण असं काहीच नव्हतं. दुसऱ्याच्या खुर्चीत फार वेळ बसलो की जसं वाटतं, तसं वाटलं.

दोरे काढून टाकले. खुर्ची मात्र का कोण जाणे, तिथेच राहू दिली.

५

त्या रविवारी टिंबशी खेळत होतो. खेळताना एकमेकांशी बोलायला दोघांच्याही कानांवर माईकवाला हेडफोन असतो. मी एका कानावरचा सरकवून ठेवतो, स्पीकर ऐकू यावेत म्हणून. अर्धा तास झाला असेल.

“बाबा, कोण आलंय?”

“कुठे?”

“तुझ्याकडे. आत्ता कोणीतरी घसा खाकरला.”

“कोणी नाही गं. जिन्यात असेल कोणी.”

“बरं,” ती म्हणाली. मी नकळत खुर्चीकडे पाहिलं. मी काहीच ऐकलं नव्हतं.

पुढच्या रविवारी ती खाणीत वाट चुकली. तीन बोगदे फुटतात तिथे दोनदा फिरून परत आली. मी मागे पडलो होतो, मला तिची जागा दिसतही नव्हती. मग एकदम ती सरळ बाहेर आली.

“थँक यू म्हण त्यांना,” ती म्हणाली.

“कोणाला?”

“तुझ्या पाहुण्यांना. ‘डावीकडे’ म्हणाले ना आत्ता. तुझा आवाज नव्हता तो, मला कळतं.” ती हसली. मग तिचा आवाज जरा खाली आला. “बाबा, तू लपवतोस कशाला? मला बरंच वाटेल. रोज कॉलेजातून येताना मनात येतं, आता तू घरी आला असशील, दिवा लावला असशील आणि एकटा बसला असशील. कोणीतरी येऊन बसतं हे ऐकून खरंच बरं वाटलं. कोण आहेत ते?”

हे उत्तर नंतर मी मनात शंभर वेळा बदललं आहे. त्या वेळी तिच्या आवाजातली काळजी उतरलेली ऐकली आणि मला ती परत चढवावीशी वाटली नाही.

“आहेत एक ओळखीचे,” मी म्हणालो.

“त्यांना विचार ना, पुढच्या रविवारीही येतील का.”

“येतील,” मी म्हणालो.

बारा वाजता तिने नेहमीसारखा निरोप घेतला. मी सगळं बंद केलं आणि दुपारभर त्या खुर्चीकडे तोंड करून बसून राहिलो. वाचलं नाही, जेवलो नाही. एकदा मोठ्याने विचारलंही, “कोण आहे?” बोलून झाल्यावर स्वतःचंच हसू आलं. कोणी उत्तर दिलं नाही. भीती वाटायला हवी होती, ती थोडी वाटत होतीच. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला लागलं होतं. माझ्या घरात कोणीतरी बोलत होतं आणि मी कान देऊन बसलो तरी ते माझ्याशी बोलत नव्हतं.

६

मग मला माझ्या कानांचाच संशय आला. आमच्या विभागात माझ्या बरोबरीची एक तंत्रज्ञ आहे, तिला सगळे ताई म्हणतात. दुपारी पेशंट संपल्यावर मी तिला म्हटलं, “ताई, जरा मला तपासता का?”

“वय झालं म्हणायचं,” ती म्हणाली आणि मला बूथमध्ये बसवलं.

अठ्ठावीस वर्षांत मी त्या बाजूला फार कमी वेळा बसलोय. जाड दार लागलं की आत स्वतःच्या गळ्यातली नस ऐकू येते. आवाज सुरू झाले. ऐकू आला की मी दाबत होतो. दहा-बारा मिनिटांत संपायला हवं होतं, पण ती मध्येच थांबली. काचेतून पाहिलं तर तिच्या कपाळाला आठ्या पडलेल्या.

दार उघडून ती म्हणाली, “प्रत्येक आवाजाला दोनदा का दाबताय?”

“एकदाच दाबतोय.”

“नाही हो. मी अगदी बारीक आवाज सोडते, इतका की तो ऐकू येणारच नाही. दिवा लागतो. मला वाटतं, वा, कान शाबूत आहेत. खात्री करायला तोच आवाज थोडा मोठा करते, आणखी थोडा मोठा करते, आणि मग दिवा परत लागतो. जसं काही तुम्ही आत्ताच पहिल्यांदा ऐकलं.”

“मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.”

ताईने माझ्या हातातलं बटण घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं, चार-पाच वेळा दाबलं. दिवा दर वेळी एकदाच लागला. “स्प्रिंग सैल झाली असेल,” ती म्हणाली. ऑडिओग्राम, म्हणजे कानाचा आलेख, तिने भरला नाही, कोरा कागद घडी करून खिशात टाकला. बूथचं दार लावताना तिने ते जरा जास्तच वेळ उघडं धरून ठेवलं, मागून कोणी यायचं असलं की आपण धरतो तसं. मग तिच्या लक्षात आलं असावं. तिने ते पटकन लोटलं आणि पाणी प्यायला निघून गेली.

७

त्याच संध्याकाळी मी विक्रेत्याला फोन केला आणि म्हणालो, हे परत घेऊन जा. तो म्हणाला, आधी मी स्वतः येऊन बघतो. शुक्रवारी सकाळी आला. बूट दाराबाहेर नीट जोडीने ठेवले, वायरी एकेक करून तपासल्या, माझ्या चिठ्ठ्या वाचून मान डोलावली.

“जोडणीत खोट नाही,” तो म्हणाला. “आता माईक मुद्दाम चुकीच्या जागी ठेवतो. बघू काय म्हणतो ते.” त्याने तिकाटणं हॉलच्या दारात ठेवलं, सोफ्यापासून लांब, आणि बटण दाबून आम्ही दोघं स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभे राहिलो.

शीळ सुरू झाली. पहिला स्पीकर, दुसरा, तिसरा. चौथ्याच्या वेळी त्याने डोळे मिटले होते ते उघडले.

“कोणीतरी पुढून गेलं,” तो हळूच म्हणाला.

“म्हणजे?”

“आवाज मध्येच मऊ झाला आणि परत उघडला. स्पीकरच्या पुढून माणूस गेला की होतो तसा. तुम्हाला नाही जाणवलं?”

मला नव्हतं जाणवलं. मला पाचही शीळा सारख्याच वाटल्या होत्या. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. घराला दुसरं दार नाही आणि हॉलमध्ये जायला स्वयंपाकघरावरूनच जावं लागतं. पाचवी शीळ संपली. दोघांपैकी कोणीच आधी जायला तयार नव्हतं. शेवटी घर माझं, म्हणून मी गेलो.

हॉलमध्ये सगळं जागच्या जागी होतं. सोफ्याच्या डाव्या बाजूची वर्तमानपत्रं मात्र खाली फरशीवर होती, नीट रचून ठेवलेली.

विक्रेत्याने पडद्यावरचे आकडे कागदावर घेतले. माझ्याकडून टेप मागून घेतला आणि मोजत राहिला. दारातल्या माईकपासून नाही. सोफ्यापासून. पाचही आकडे जुळले. सोफ्याच्या डाव्या बाजूला, माझ्या जागेला खेटून.

“तुम्ही एकटेच बसता म्हणाला होतात,” तो म्हणाला.

“हो.”

त्याने तासाभरात सगळे स्पीकर काढले, वायरी गुंडाळल्या, खोकी भरली. जाताना दारात बूट घालून उभा राहिला आणि माझा खांदा किंचित दाबला. “मुलीकडे जाऊन या चार दिवस,” म्हणाला. मुलीबद्दल मी त्याला काही सांगितल्याचं मला आठवत नाही. पण दुकानात बोलण्याच्या ओघात निघालं असेल.

८

जायची वेळ आलीच नाही, कारण टिंबच आली. परीक्षा संपली होती. चार दिवस राहते म्हणाली. स्पीकर गेले, खुर्ची मी परत स्वयंपाकघरात ठेवली, आता घर पूर्वीसारखं झालं असं मी स्वतःला बजावलं. तिच्यासाठी पलंगावर धुतलेली चादर घातली. एका घरात दोन माणसं चार दिवस राहणार, या आनंदात मी दोनदा बाजारात जाऊन आलो.

ती आली, पिशवी दाराशी टाकली, हॉलमध्ये गेली आणि सोफ्यावर बसली. बसताना माझ्या जागी बसली, अगदी उजव्या हाताला चिकटून, ओढणी आवरून मांडीवर घेत. बाजूला माणूस असला की आपण अंग चोरून बसतो, तशी.

मी तिच्यासमोर उभा होतो. “नीट ऐसपैस बस की,” मी म्हणालो.

“बसलेय की.”

मी डाव्या बाजूला बसायला वळलो.

“बाबा, तिथे—” ती म्हणाली आणि थांबली.

“तिथे काय?”

तिने त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. चेहऱ्यावर भीती नव्हती. तोंडावर आलेला शब्द विसरल्यासारखा गोंधळ होता. “काही नाही,” म्हणाली. “काय म्हणत होते मी, विसरले.”

मी तिथे बसलो नाही. चहा टाकतो म्हणून आत गेलो. पाणी उकळत होतं आणि बाहेरून टिंबचा आवाज येत होता, हळू, समजुतीचा. एक वाक्य, मग थोडी शांतता, मग “हो, मलाही तसंच वाटतं,” मग पुन्हा शांतता. मी गॅस बंद केला, श्वास धरला. लोक ऐकताना किती वेळ गप्प बसतात हे मला पक्कं ठाऊक आहे. ती शांतता रिकामी नव्हती. तिच्यात कोणीतरी वाक्यं पूर्ण करत होतं. मला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही.

कप घेऊन बाहेर आलो तेव्हा ती फोन हातात घेऊन बसली होती.

“कोणाशी बोलत होतीस?”

“मैत्रिणीशी,” ती म्हणाली. फोनचा पडदा काळा होता.

चार दिवस असेच गेले. ती आनंदात होती. माझ्याशी छान बोलायची, हसायची, पण मी खोलीत आलो की काहीतरी मध्येच थांबायचं, जसं मोठी माणसं बोलत असताना मूल आत आलं की बोलणं थांबतं. मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून जेवत होतो. स्वतःच्या घरात मी कुठे बसावं हे मला कळत नव्हतं. रोज सकाळी ठरवायचो, आज तिला सगळं सांगू. पण सांगायचं काय? मोजमाप चुकलं, बटणाची स्प्रिंग सैल होती, आणि तुझे बाबा तुझ्याशी खोटं बोलले?

९

पाचव्या दिवशी सकाळी तिला आठच्या बसला बसवलं. खिडकीची सीट होती, पण ती आतल्या सीटवर बसली. मी खालून हात हलवला. बस हलली, आणि तिच्यापलीकडे खिडकीच्या काचेवर आतून वाफ धरली आहे असं मला क्षणभर दिसलं. नाणं मावेल एवढा गोल. मग बस वळली.

घरी आलो. दार उघडल्याबरोबर मला कळलं. कसं ते सांगता येणार नाही. बंद असलेल्या कानात एकदम हवा शिरावी आणि सगळं मोकळं व्हावं, तसं झालं. मी सोफ्यावर जाऊन बसलो, आधी माझ्या बाजूला, मग डाव्या बाजूला, मग मधोमध. घड्याळ ऐकू येत होतं. खालचा नळ ऐकू येत होता. इतके दिवस हे आवाज दबलेले होते हे मला आत्ता समजलं. मी पाय वर घेतले आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा गाढ झोपलो.

फोनने जाग आली. तीन वाजून गेले होते.

“बाबा, पोहोचलो,” टिंब म्हणाली.

मी उठून बसलो. आमच्या घरात मुली ‘पोहोचले’ म्हणतात. ती शाळेच्या सहलीहून, मावशीकडून, परीक्षेहून, कुठूनही फोन करायची तेव्हा हाच एक शब्द असायचा आणि तो असाच संपायचा. शेवटच्या एका स्वराचा फरक. असे फरक ऐकायचा मला पगार मिळतो.

“काय म्हणालीस?”

“पोहोचलो म्हटलं. गाडी वेळेवर होती.” आवाज प्रसन्न होता. “तू जेवलास ना?”

“टिंब, तू एकटीच आहेस ना खोलीत?”

ती गप्प झाली. तीन सेकंद, चार सेकंद. मी फोन कानाशी इतका दाबून धरला की कान दुखायला लागला. मग ती हळूच हसली, पण माझ्या बोलण्याला नाही.

“हो बाबा,” ती म्हणाली. “का रे?”

“काही नाही,” मी म्हणालो. “मी येतोय.”

“कशाला? आत्ताच तर—”

मी फोन ठेवला. पाचची बस मिळण्यासारखी होती. शर्ट बदलला, चार्जर घेतला, जिना उतरलो. अर्ध्या वाटेत आठवलं की दाराला कुलूप लावलेलं नाही. पण मी परत फिरलो नाही. आत आता कोणीच नव्हतं.